वजनकाट्यावरचं ‘वेट’ : रिफ्लेक्शन आणि वडिलोपार्जित मेथड्स

खानापूर रस्त्यावरच्या एका वजनकाट्याला आम्ही सॉफ्टवेअर करून दिलं होतं. ‘आम्ही’ म्हणजे बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ दीड खोलीत बसणारा मी, आणि इंटर्नशिपसाठी आलेला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा नंदगडकडचा एक मुलगा.

काम सरळ होतं. भरलेली गाडी काट्यावर चढली की ग्रॉस, माल उतरवून रिकामी आली की टेअर, दोन्हींची वजाबाकी म्हणजे नेट, मग पावती. गाडीच्या प्रत्येक फेरीसाठी आमच्या जावा प्रोग्रॅममध्ये ‘ट्रकनोंद’ नावाचा क्लास, म्हणजे नोंदीचा साचा. त्यात चार मेथड्स, म्हणजे त्या नोंदीला करता येणारी कामं: ग्रॉस, टेअर, नेट, प्रिंट. हा क्लास ‘नोंद’ नावाच्या दुसऱ्या एका क्लासवरून काढलेला, आणि त्या थोरल्या क्लासात सेव्ह आणि कॅन्सल अशा दोन मेथड्स. चार आणि दोन सहा. स्क्रीनवर सहा बटणं हवी होती.

सहा बटणं हातानं करायला अर्धा तास पुरला असता. पण मला हुशारी सुचली. म्हटलं, बटणं प्रोग्रॅमनेच करावीत. क्लासलाच विचारायचं, ‘बाबा, तुझ्याकडे कुठल्या मेथड्स आहेत?’ आणि जेवढी नावं येतील तेवढी बटणं मांडायची. एखाद्या मेथडला आकडा द्यावा लागत असेल तर बटणाशेजारी एक रिकामी चौकट, दोन आकडे लागत असतील तर दोन. उद्या क्लासात नवी मेथड घातली की बटण आपोआप येणार. प्रोग्रॅमने चालता चालता स्वतःच्याच रचनेची चौकशी करायची ही जी सोय आहे, तिला रिफ्लेक्शन म्हणतात. जावात ती १९९७ च्या १.१ आवृत्तीपासून आहे.

बटणांवरची नावं इंग्रजीच ठेवली. आमच्या भागात पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून काय काय होतं ते सांगायला नको. मराठी ठेवली तर एकजण विचारणार, कन्नड ठेवली तर दुसरा. इंग्रजीवर कुणाचाच हक्क नाही, म्हणून ती चालते.

स्क्रीन उघडली तर बटणं पंधरा. ग्रॉस, टेअर, नेट, प्रिंट, सेव्ह, कॅन्सल. आणि त्यांच्याखाली वेट, वेट, वेट, इक्वल्स, टूस्ट्रिंग, हॅशकोड, गेटक्लास, नोटिफाय, नोटिफायऑल. मी वरची सहा दाबून बघितली, चालली. खालची नंतर काढू म्हटलं आणि काट्यावर बसवून आलो. हा माझा गुन्हा, पोराचा नाही.

दुसऱ्या दिवशी काट्यावरच्या मामांचा फोन.

‘सर, वेट दाबलो की. सोळा-सतरा सेकंद विचार करतंय आणि गप बसतंय. वजन काय दाखवंना बघा.’

मला कळेना. वजन दाखवायला वेट कशाला दाबायचं? मग डोक्यात उजेड पडला. मामांनी बटण वाचलं ते कानानं. वेट म्हणजे वजन! वजनकाट्यावर वजनाचंच बटण असणार, स्पेलिंग कोण बघतंय? तीन ‘वेट’ होते: एकाला चौकट नाही, एकाला एक चौकट, एकाला दोन. दोन चौकटी बघून मामांनी तर्क लढवला, तोही अगदी बरोबर: एकीत भरलेली गाडी, दुसरीत रिकामी. टाकलं १६४२० आणि ५८७०. उत्तर १०५५० यायला हवं होतं.

आता आत काय झालं ते बघा. जावातलं हे वेट म्हणजे ‘थांब’. दोन आकड्यांचं वेट पहिला आकडा मिलिसेकंद धरतं आणि दुसरा नॅनोसेकंद. म्हणजे मामांनी यंत्राला सांगितलं, ‘सोळा सेकंद आणि वर थोडं थांब.’ ते थांबलं, आणि काहीही उत्तर न देता परत आलं, कारण त्या मेथडला उत्तर द्यायचंच नसतं. गाडी जितकी जड, तितकं यंत्र जास्त विचार करतंय असं मामांना वाटलं. यात चूक काढायला जागा नाही. निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं.

संध्याकाळी त्यांनी बिनचौकटीचं वेट दाबलं. ते मात्र परत आलंच नाही. खरं तर साधारणपणे ते तत्काळ तक्रार करून बाहेर पडतं, कारण त्या वस्तूचं, म्हणजे साच्यातून निघालेल्या त्या नोंदीचं, कुलूप हातात असल्याशिवाय जावा ‘थांब’ म्हणू देत नाही. पण दोन बटणं एकदम दाबली जाऊन नोंदीत घोळ होऊ नये, म्हणून मी मेथड चालवण्याआधी कुलूप घेत होतो. माझ्या सावधगिरीमुळे जावाला तक्रारीला कारणच उरलं नाही. कुणीतरी उठवेपर्यंत ते झोपलं. उठवणारं ‘नोटिफाय’ बटण शेजारीच होतं, पण स्क्रीन चालवणारा थ्रेडच, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा धागाच, झोपलेला, त्यामुळे ते दाबता येईना. काट्यावरून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग.

ही नऊ बटणं आली कुठून? मी तर लिहिली नव्हती.

आमच्याकडे जमिनीच्या कागदाला उतारा म्हणतात. पलीकडे कोल्हापुरात सातबारा म्हणतील, इथल्या कचेरीत पहाणी म्हणतील, पण हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि उतारा, वारसा, तलाठी हे शब्द राज्य बदललं तरी घरोघरी राहिले. शेतीवाडी असलेल्या घरातल्या कुणालाही दोन शब्द वेगळे शिकवावे लागत नाहीत: वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित. आजोबांकडून आलेलं ते पहिलं, स्वतःच्या कमाईतून घेतलेलं ते दुसरं. वाटणीच्या वेळी सगळा वाद याच दोन शब्दांभोवती फिरतो.

क्लासचंही तसंच. ‘ट्रकनोंद’चे वडील ‘नोंद’. ‘नोंद’चे वडील कोण? मी तर कुणाचं नाव लावलं नव्हतं. पण जावात बिनबापाचा क्लास फक्त एकच आहे, त्याचं नाव ऑब्जेक्ट. तुम्ही कुणाचं नाव लावलं नाही तर तो आपोआप बाप होतो. सगळ्या क्लासांचा मूळ पुरुष. आणि त्याच्या नावावर अकरा मेथड्स अशा आहेत की त्या प्रत्येक वंशजाकडे उतरतात. त्यातल्या क्लोन आणि फायनलाइझ या दोन घरातल्यांसाठी राखीव. उरलेल्या नऊ सगळ्या जगाला खुल्या. इक्वल्स, हॅशकोड, टूस्ट्रिंग, गेटक्लास, नोटिफाय, नोटिफायऑल, आणि तीन प्रकारचं वेट. तुम्ही आत एक अक्षरही न लिहिलेला क्लास केलात आणि त्याला गेटमेथड्स (रिफ्लेक्शनमधला ‘तुझ्याकडे कुठल्या मेथड्स आहेत?’ हा प्रश्न) विचारलंत, तर नऊ नावं येतात. वारसा म्हणजे वारसा, न मागता येतो.

गेटमेथड्सचा नियम असा: सार्वजनिक तेवढं सगळं सांगायचं, मग ते स्वकष्टार्जित असो की वडिलोपार्जित. माझा प्रश्न मुळात चुकीचा होता असं नाही. उत्तर गाळायला हवं होतं, ते मी गाळलं नाही.

मुलानं इंटरनेटवर शोधून लगेच उपाय आणला. ‘सर, गेटडिक्लेअर्डमेथड्स वापरूया. वारशातलं काहीच देत नाही, फक्त या क्लासात लिहिलेलं देतंय.’ केलं. नऊच्या नऊ गेली. मीही खूश झालो. मग नीट बघितलं तर सेव्ह आणि कॅन्सल पण गेलेली. ती वडिलांच्या, म्हणजे ‘नोंद’च्या नावावर होती ना! आणि त्यांच्या जागी दोन नवीच नावं बसलेली. एक होतं काट्याशी बोलणारा पोर्ट उघडणारं, जे मी खाजगी म्हणून लिहिलं होतं. दुसरं ‘लॅम्डा’नं सुरू होणारं, मध्ये डॉलरची चिन्हं आणि शेवटी शून्य असलेलं. ते मी बापजन्मी लिहिलं नव्हतं.

या एका शब्दाच्या फरकानं दोन गोष्टी एकदम बदलतात, आणि नवशिके इथंच घसरतात. गेटमेथड्स: वारशासकट, पण फक्त सार्वजनिक. गेटडिक्लेअर्डमेथड्स: वारसा सोडून, पण खाजगीसुद्धा. म्हणजे चाळणीचं एक भोक लहान केलं की दुसरं मोठं होतं. ‘वारशासकट आणि खाजगीसकट सगळं’ असं एका दमात देणारी सोय जावात नाहीच. ती हवी असेल तर प्रत्येक क्लासला त्याचा बाप विचारत, ऑब्जेक्टपर्यंत पायऱ्या चढत जावं लागतं. शिवाय दोन्हींत नावं कुठल्या क्रमानं येतील याची जावा हमी देत नाही. आमच्या ऑफिसातल्या संगणकावर ग्रॉस पहिलं होतं, काट्यावरच्या संगणकावर ते तिसरं निघालं. मामांची बोटं चुकीच्या जागी पडायला लागली तेव्हा ते कळलं.

लॅम्डाचं गूढ सांगून टाकतो. २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून जावात छोटी, बिननावाची फंक्शनं कोडच्या मधेच लिहिता येतात. कंपायलर, म्हणजे आपलं कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात उतरवणारा प्रोग्रॅम, त्यांचा मजकूर उचलून त्याच क्लासात एक खाजगी मेथड करून ठेवतो आणि तिला असलं विचित्र नाव देतो. उतारा वाचला तर मालक म्हणून तुमचंच नाव दिसणार. अशा कंपायलरनं परस्पर घातलेल्या मेथड्सवर ‘सिंथेटिक’ असा शिक्का असतो. तो तपासून त्या वगळता येतात.

याच जातीचा आणखी एक प्रकार आहे, पूल-मेथड. पुढे गाड्यांच्या नोंदी वेळेप्रमाणे लावायच्या होत्या, म्हणून ‘ट्रकनोंद’ची तुलना ‘ट्रकनोंद’शीच करणारी एक कम्पेअरटू मी लिहिली. रिफ्लेक्शननं दाखवल्या दोन. एक माझी, दुसरी कुठल्याही ऑब्जेक्टशी तुलना करायला तयार. कारण असं की २००४ च्या पाचव्या आवृत्तीत जेनेरिक्स (कुठल्या प्रकारच्या वस्तूशी काम आहे ते कोनकंसात लिहायची सोय) आले, पण खाली चालणाऱ्या यंत्राला, म्हणजे जेव्हीएमला, त्यातले कोनकंस कळत नाहीत. तुलनेच्या करारात, म्हणजे जावाच्या ‘कम्पेअरेबल’ इंटरफेसात, लिहिलेली जुनी मेथड ‘कुठलाही ऑब्जेक्ट’ मागते, तुमची नवी ‘ट्रकनोंद’ मागते. दोघींना जोडायला कंपायलर एक पूल बांधतो, जो आलेला माल पुढे तुमच्या मेथडकडे ढकलतो. या पुलाचा घोषक (मेथड जाहीर करणारा) क्लास म्हणून तुमचाच क्लास लागतो. म्हणजे ‘फक्त माझ्या नावावरच्या’ अशी गाळणी लावली तरी तो अडकत नाही. त्याला ‘इजब्रिज’ विचारून बाहेर काढावं लागतं.

हे झाले किरकोळ भाडेकरू. खरा तिढा पुढे आहे.

मी गेटमेथड्सवर परत आलो आणि शहाण्यासारखी गाळणी लावली. प्रत्येक मेथडला विचारायचं, तुझा घोषक क्लास कोण? जावात यासाठी गेटडिक्लेअरिंगक्लास आहे. म्हणजे उताऱ्यावर नाव कुणाचं ते बघायचं. नाव ऑब्जेक्टचं निघालं तर वगळ, नाहीतर बटण कर. झालं, सहाच्या सहा बटणं. दोन आठवडे सुखात गेले.

मग एका दिवशी लॉगमध्ये गाडीचा नंबर नीट दिसावा म्हणून मुलानं ‘ट्रकनोंद’मध्ये टूस्ट्रिंग नव्यानं लिहिली. आणि टूस्ट्रिंगचं बटण परत आलं.

विचार केलात तर बरोबरच आहे. आजोबांच्या जागेवरचं जुनं कौलारू घर पाडून नातवानं स्लॅबचं बांधलं. घर कुणाचं? नातवाचं. जागा कुणाची? आजोबांची. सर्व्हे नंबर तोच. जावाचं गेटडिक्लेअरिंगक्लास फक्त घर बांधणाऱ्याचं नाव सांगतं. टूस्ट्रिंग आता ‘ट्रकनोंद’नं बांधली होती, त्यामुळे ती गाळणीतून सुटली. मला हवं होतं जागेच्या मूळ मालकाचं नाव.

हा प्रश्न मायक्रोसॉफ्टच्या सी शार्पनं जास्त नीट सोडवलाय असं माझं मत आहे, आणि जावावाल्यांनी मनावर घेऊ नये. तिथं प्रत्येक मेथडला गेटबेसडेफिनिशन विचारता येतं. नव्यानं लिहिलेल्या मेथडचा माग काढत ते वरपर्यंत जातं आणि ही मेथड सर्वात पहिल्यांदा कुणी जाहीर केली ते सांगतं. घर आणि जागा, दोन्हींचे मालक वेगवेगळे विचारता येतात. शिवाय मेथड्स मागतानाच ‘डिक्लेअर्डओन्ली’ असा झेंडा लावला की वारसा बाहेर राहतो, आणि खाजगी हवं की सार्वजनिक ते वेगळ्या झेंड्यानं सांगायचं. माझ्या चाळणीची दोन भोकं तिथं स्वतंत्र आहेत. फक्त एक खोड: झेंडे स्वतः द्यायला लागलात आणि ‘इन्स्टन्स’ किंवा ‘स्टॅटिक’ यांतला एकही द्यायला विसरलात, तर यादी रिकामी येते, तीही कसलीच तक्रार न करता. सी शार्पच्या मूळ पुरुषाचा वारसाही आटोपशीर आहे. रिकाम्या क्लासला साधं गेटमेथड्स विचारलं तर चारच नावं: इक्वल्स, गेटहॅशकोड, गेटटाइप, टूस्ट्रिंग. ‘वेट’ नाही. मामा वाचले असते.

जावात हे हातानं करावं लागतं. मेथडचं नाव आणि तिच्या चौकटींचे प्रकार घ्यायचे, बापाकडे जायचं, तिथं अगदी तीच जोडी आहे का बघायचं, असेल तर आणखी वर. मुलाला वाटलं, नव्यानं लिहिलेल्या मेथडवर आपण ‘ओव्हरराइड’ असा शेरा मारतो, तोच वाचूया. चांगली कल्पना, पण तो शेरा फक्त कंपायलरसाठी असतो. कंपाइल झालं की पुसला जातो. चालत्या प्रोग्रॅमला तो दिसतच नाही. पेन्सिलीनं लिहिलेला शेरा आहे तो, उताऱ्यावर चढत नाही.

जावाच्याच घरात एक अर्धवट विसरलेली, पण फार समंजस सोय आहे. इंट्रोस्पेक्टर नावाचा क्लास. त्याला क्लासबरोबर दुसरं एक नाव देता येतं: थांबायचा क्लास. ‘ट्रकनोंदचं सगळं सांग, पण ऑब्जेक्टपाशी थांब, त्याच्या आणि त्याच्या वरचं काही घेऊ नको.’ आपल्याकडे वाटणीपत्रात तीन पिढ्यांपर्यंत मागे जायचं ठरवतात, तसं. सेव्ह आणि कॅन्सल राहतात, वेट जातं. वारसा सगळा टाकायचा की सगळा ठेवायचा असा हट्ट न धरता, कुठल्या पिढीपर्यंत घ्यायचा ते विचारणारी ही एकच सोय मला जावात भेटली.

हा थांबायचा क्लास न दिल्यानं काय होऊ शकतं याचं मोठं उदाहरण २०२२ च्या मार्चमधलं आहे, आणि ते माझ्या काट्याइतकं गमतीचं नाही. स्प्रिंग ही जावाची फार वापरली जाणारी फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार सांगाडा. वेबपानावरच्या फॉर्ममधल्या चौकटींची नावं घेऊन ती वस्तूचे त्याच नावाचे गुणधर्म भरते, अर्थात रिफ्लेक्शननं. तुमच्या वस्तूत ‘नाव’ आणि ‘पत्ता’ असे दोनच गुणधर्म आहेत असं तुम्हाला वाटतं. पण ऑब्जेक्टकडून गेटक्लास आलेलं आहे, आणि जावाच्या रिवाजानं ‘गेट’नं सुरू होणारी मेथड म्हणजे एक गुणधर्म. म्हणजे प्रत्येक वस्तूला ‘क्लास’ नावाचा तिसरा, न मागितलेला गुणधर्म आहे. बाहेरच्या माणसानं फॉर्ममध्ये त्या नावाची चौकट पाठवली तर तो तुमच्या वस्तूतून क्लासमध्ये, तिथून आणखी आत जाऊ शकतो.

हे स्प्रिंगला माहीत नव्हतं असं नाही. २०१० मध्येच असा हल्ला उघड झाला होता, आणि तेव्हा ‘क्लास’मधून ‘क्लासलोडर’कडे (क्लास मेमरीत आणणाऱ्या भागाकडे) जाणारं दार बंद केलं होतं. नाव घेऊन, त्याच एका दाराला कुलूप. मग २०१७ मध्ये जावाची नववी आवृत्ती आली, तिनं मॉड्यूल, म्हणजे क्लासांचे गठ्ठे, आणले, आणि ‘क्लास’ला ‘मॉड्यूल’ नावाचा नवा गुणधर्म मिळाला. ‘मॉड्यूल’मधून ‘क्लासलोडर’कडे दुसरं दार. कुलूप जुन्या दाराला तसंच लटकत होतं, चोर मागच्या दारानं आत. तिथून टॉमकॅट सर्व्हरच्या लॉगची सेटिंग बदलून, लॉगच्या नावाखाली स्वतःचा चालणारा कोड सर्व्हरवर लिहिता येत होता. दुरुस्ती आली ३१ मार्च २०२२ ला, आणि यावेळी पद्धत उलटी केली: काय नको याची यादी करण्याऐवजी, ‘क्लास’मधून फक्त त्याच्या नावासंबंधीचे गुणधर्म दिसतील, बाकी काही नाही.

काय नको ते सांगणारी यादी कधी पुरी होत नाही, कारण वारसा देणारा जिवंत आहे आणि तो अजून कमावतोय. मूळ पुरुषाच्या इस्टेटीत उद्या काय भर पडेल ते नातवाला ठाऊक नसतं.

म्हणून शेवटी आम्हीही तेच केलं. ‘बटण’ नावाचा स्वतःचा शेरा तयार केला. ज्या मेथडवर हा शेरा, तिचंच बटण. बाकी कुणाची चौकशी नाही. मेथड स्वतःची असो की ‘नोंद’ची, फरक पडत नाही. क्रमाचा आकडाही शेऱ्यातच लिहिला, त्यामुळे मामांच्या बोटांचा प्रश्न सुटला. टेस्टिंगच्या जेयुनिटनं हेच वळण २००६ मध्ये घेतलं होतं. त्याआधी ‘टेस्ट’नं सुरू होणारं नाव दिसलं की ती चाचणी समजायची, चौथ्या आवृत्तीपासून शेरा असेल तीच चाचणी. आणि थोरल्या क्लासातल्या शेरा मारलेल्या चाचण्या वारशानं आल्या तर त्याही चालतात, कारण त्या कुणीतरी मुद्दाम खूण करून ठेवल्यात.

शेऱ्यालाही दोन खाचखळगे आहेत, दोन्हींत आम्ही पडलो. पहिल्या दिवशी स्क्रीनवर एकही बटण नाही. आपण बनवलेला शेरा चालत्या प्रोग्रॅमपर्यंत टिकवायचा असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. न सांगितलं तर तो क्लासच्या फाइलपर्यंत पोचतो आणि तिथंच राहतो. एक ओळ घातली, बटणं आली. दुसरा खड्डा गळीत हंगामात सापडला. उसाच्या गाड्यांसाठी ‘ट्रकनोंद’वरून ‘ऊसनोंद’ काढली आणि तिच्यात प्रिंट नव्यानं लिहिली, पावतीवर दोन ओळी जास्त हव्यात म्हणून. प्रिंटचं बटण गायब! नातवानं घर नव्यानं बांधलं, पण दारावरची आजोबांची पाटी नव्या घराला कोण लावणार? मेथडवरचा शेरा नव्यानं लिहिलेल्या मेथडला आपोआप मिळत नाही. जावात ‘वारशानं मिळेल’ अशी खूण शेऱ्याला देता येते खरी, पण ती फक्त क्लासवरच्या शेऱ्याला लागू, मेथडवरच्या नाही. मग पुन्हा बापाकडे चढून शेरा शोधणारं कोड लिहावं लागलं. स्प्रिंगसारख्या फ्रेमवर्कमध्ये हे चढणं तयार मिळतं.

बाकीच्या भाषांचं थोडक्यात. पायथनमध्ये डिर म्हटलं की वारशासकट सगळं येतं, मागेपुढे दोन-दोन अधोरेषा असलेल्या नावांची फौज. क्लासची स्वतःची डिक्शनरी वाचली की फक्त स्वकष्टार्जित. पायथनमध्ये एकाहून जास्त बाप असू शकतात, म्हणून आधी कुणाचा वारसा धरायचा याची ठरलेली यादी प्रत्येक क्लासबरोबर असते, एमआरओ नावाची. रूबीत मेथड्सची यादी मागताना ‘फॉल्स’ दिलं की वारसा गळतो. इतकं सुटसुटीत कुठंच नाही. जावास्क्रिप्टचं फॉर-इन प्रोटोटाइपच्या (तिथल्या वारशाच्या) साखळीवर चढून बसतं, म्हणून जुन्या कोडमध्ये प्रत्येक फेरीत ‘हे तुझं स्वतःचं का’ असं विचारलेलं दिसतं.

काट्यावर आता सातवं बटण आहे. मामांनीच मागितलं. ‘ते दोन चौकटीचं बरं होतं की ओ सर. भरलेली टाकायची, रिकामी टाकायची, नेट यायचं. काट्याची लाइट गेली तर वहीतनं टाकता येतंय.’ खरंच उपयोगी होतं. मुलाला सांगितलं, दोन पूर्णांक घेणारी, वजाबाकी परत देणारी मेथड लिही, नाव वेट ठेव, ‘बटण’ शेरा मार. त्यानं लिहिली, चालली, काट्यावर बसवली. आठवडाभरानं मी कोड वाचला तेव्हा दिसलं की पठ्ठ्यानं वजनाचं स्पेलिंग न लिहिता थांबायचं लिहिलंय.

कंपायलरनं हरकत का घेतली नाही? ऑब्जेक्टचं वेट कुणाला बदलता येत नाही, त्यावर तशी बंदीच आहे. पण ते घेतं एक लाँग (मोठा पूर्णांक) आणि एक इंट (साधा पूर्णांक). याचं घेतं दोन इंट. नाव तेच, चौकटी वेगळ्या, म्हणजे जावाच्या लेखी ही नवीच मेथड, जुन्याच नावाची. नुसत्या नावावरून गाळणी लावली असती तर ही बिचारी फुकट गळाली असती.

बटणावरचं स्पेलिंग अजून तसंच आहे. मामांची काही तक्रार नाही.